स्पेअर गाडी

दिवेलागण झाली की कोरेगावातल्या दारापुढच्या गाड्या गळायला लागत. ‘गळणं’ हा गावाचा शब्द. सरकारी शब्द ‘ऊर्जा-उसनवार’ असा होता, आणि सगळ्या सरकारी शब्दांसारखा तोही मोठा सभ्य होता.

कल्पना तशी साधी होती. पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसा छपरांवर आणि माळांवर सूर्य इतकी वीज देई की ती कुठे ठेवावी कळत नसे. सूर्य मावळे, आणि नेमक्या त्याच वेळी साऱ्या महाराष्ट्राच्या शेगड्या, पंखे आणि एसी चालू होत. मग ही दिवसाची वीज संध्याकाळपर्यंत साठवायची कशात? कुणाच्या तरी लक्षात आलं की लाखो बॅटऱ्या लोकांच्या दारात आयत्याच उभ्या आहेत. गाडी दिवसाचा बहुतेक वेळ नुसती उभीच असते. ज्या तारेने तिच्यात वीज भरायची, त्याच तारेने संध्याकाळी काढून घ्यायची आणि पहाटेपर्यंत परत भरून ठेवायची. शेजारणीने वाटीभर साखर न्यावी आणि सकाळी आणून द्यावी, तसं. फरक एवढाच की शेजारीण विचारून नेते.

विजेच्या गाडीचे गुण नाकारायचं कारण नाही. धूर नाही, खडखडाट नाही, पंपावर रांग नाही, घरच्या घरी भरते आणि किलोमीटरला शेंगदाण्याच्या पुडीएवढाही खर्च येत नाही. शिवाय निम्मी किंमत सरकारने भरलेली. पण त्या निम्म्या किमतीपोटी एक अट होती : उभी गाडी तारेला जोडलेलीच पाहिजे, नाहीतर दंड. रोजच्या देवघेवीत बॅटरी लवकर म्हातारी होते, ती कुणी बदलून देत नसे. आणि आपल्या पैशाची, आपल्या दारातली गाडी संध्याकाळी आपली नसे. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तो हाच.

उदय नलवडे या अटीवर चिडत नव्हते. निदान सुरुवातीला तरी नाही. एसटीच्या डेपोत त्यांची सारी नोकरी कंट्रोलर म्हणून गेली होती. डेपोत एक गाडी कायम ‘स्पेअर’ उभी असायची. टाकी भरलेली, टायर तपासलेले, आणि तिला रूटवर पाठवायचं नाही म्हणजे नाही. वाटेत कुठे गाडी बंद पडली की ही निघायची. स्पेअर गाडी साध्या कामाला काढणारा माणूस नलवड्यांच्या लेखी गुन्हेगार होता.

घरची गाडीही त्यांनी तशीच घेतली होती, एकाच फेरीसाठी. त्यांच्या बायकोची, सारिकाची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस गावातच व्हायचं. नव्या मूत्रपिंडासाठी पुण्याच्या रुग्णालयात नाव लावलं होतं. मृत माणसाचं मूत्रपिंड फार वेळ टिकत नाही. फोन आला की चार तासांत पोचायचं, नाहीतर ते पुढच्या माणसाला जातं. कोरेगाव ते पुणे, खंबाटकीचा घाट धरून, अडीच-तीन तास. म्हणून गाडी.

मग नलवडे ती गाडी जपू लागले. डायलिसिसला रिक्षा. बाजाराला पिशवी घेऊन पायी. भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले ते एसटीने. गाडीवर कव्हर, आठवड्याला टायरची हवा बघणं, खंडेनवमीला झेंडूचा हार. सारिका हसायची. “अहो, नवरीला तरी एवढं जपतात का?”

“तुझ्यासाठीच जपतोय,” ते म्हणायचे.

फोन आला तो मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, साडेसातला. रुग्णालयातल्या समन्वयक बाई होत्या, रोग्यांना बोलावण्याचं काम त्यांच्याकडे. मूत्रपिंड आहे, जुळतंय, निघा. सारिकाने देवाला हात जोडले आणि पायांत चपला सरकवल्या. नलवड्यांनी कव्हर ओढून काढलं, दार उघडलं, आणि समोरच्या काचेवरचा आकडा बघून ते तसेच उभे राहिले. गाडीत जेमतेम दहावा हिस्सा वीज होती. गावातल्या डॉक्टरकडे जाण्यापुरती. आणि तार पहाटेशिवाय परत भरणार नव्हती.

मग धावाधाव झाली. टॅक्सीवाले म्हणाले, आत्ता सगळ्या गळालेल्या, पहाटे बघू. रुग्णवाहिका अपघातावर गेलेली. शेवटी शेजारचा रोहन बर्गे नऊ वाजून गेल्यावर घरी उगवला, आणि दारातली त्याची गाडी गच्च भरलेली होती. त्याने बिचाऱ्याने हातातला डबाही न ठेवता यांना गाडीत घेतलं. घाटात नलवडे फोनवर ओरडत होते, “मॅडम, एक तास थांबा! आम्ही निघालोय! फक्त एक तास!”

“अहो, नका ओरडू,” मागून सारिका म्हणाली. “त्या बाईंचा काय दोष?”

पोचले तेव्हा मूत्रपिंड दुसऱ्याच्या पोटात शिवायला घेतलं होतं.

दोष कुणाचा, हे शोधायला नलवडे चौथ्या दिवशी पुण्याला गेले. वीज-वाटप केंद्रात चार टेबलं फिरून, दोन ठिकाणी भांडून ते डॉ. मुग्धा रेगे यांच्यासमोर येऊन बसले. कुठल्या गाडीतून वीज काढायची हे ठरवणारी पद्धत याच बाईंनी बांधली होती. तिशी-पस्तिशीच्या, शांत आवाजाच्या. त्यांनी चहा मागवला. नलवड्यांनी तो बाजूला सारला.

“सगळ्यांच्या गाड्या सारख्या का नाही काढत?” नलवड्यांनी विचारलं. “शेजारच्या बर्ग्याची गाडी भरलेली आणि माझी रिकामी, हा कुठला न्याय?”

“सारख्या काढल्या तर सगळेच थोडे थोडे अडतील,” डॉ. रेगे म्हणाल्या. “म्हणून आम्ही प्रत्येक गाडीचा गरजांक काढतो. ही गाडी आज संध्याकाळी बाहेर पडण्याची शक्यता किती आणि किती लांब जाईल, याचा एक अंक. शून्य ते शंभर. गाडीचा मागचा सगळा प्रवास बघून यंत्र तो रोज दुपारी ठरवतं. ज्याचा अंक कमी, त्याची वीज आधी.”

“आणि माझा?”

त्यांनी पडद्यावर बघितलं. सांगावं की नको, असं क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. “शून्य.”

“शून्य!”

“तुमची गाडी घेतल्यापासून कुठेच गेलेली नाही, नलवडेसाहेब.”

“कुठे जाणार? ती स्पेअर आहे! अडीअडचणीला भरलेली असावी म्हणूनच तर हलवली नाही! आणि तो बर्ग्या हायवेवर चहा प्यायला रोज गाडी काढतो. त्याची गरज मोठी, आणि माझी बायको मरायला टेकलीय ती गरज शून्य?”

“बर्ग्यांचा अंक एक्क्याण्णव आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “यंत्राला गरज कळत नाही. फक्त सवय कळते.”

“मग नाव गरजांक कशाला ठेवलं? सवयांक ठेवायचं! आणि मी तर प्रवासाची नोंदसुद्धा करत होतो. तुमच्याच ॲपवर. रोज संध्याकाळी, पुणे.”

“तेच झालं.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही रोज नोंद केलीत आणि एकदाही निघाला नाहीत. बरेच लोक गाडी भरलेली राहावी म्हणून खोट्या नोंदी करतात. यंत्र ते ओळखायला शिकलंय. लांडगा आला रे आला झालं. तिसऱ्या आठवड्यानंतर यंत्राने तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडलं.”

नलवडे उठून उभे राहिले. जन्मात कुणी त्यांना खोटारडा म्हटलं नव्हतं. “मेलेल्या माणसाचं मूत्रपिंड तारीख सांगून येतं का? मी खोटा? मी रोज वाट बघत होतो! रुग्णालयाचा साधा कागद तुमच्या यंत्राला दाखवायची सोय नाही?”

“रोग्यांची माहिती आम्हाला मागता येत नाही. कायदा आहे. आणि वेगळी रांग उघडली की त्या रांगेत कोण कोण उभं राहील, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.” बाईंचा आवाज आता पहिल्यासारखा शांत नव्हता. “त्या संध्याकाळी मागणी फार होती. उसनी वीज घेतली नसती तर निम्मं पुणे अंधारात गेलं असतं. दवाखाने, पाण्याचे पंप, सगळं. मी उगाच कुणाच्या गाड्या उपसत नाही.”

“दवाखाने,” नलवडे म्हणाले. “म्हणजे ज्या दिव्याखाली माझ्या बायकोचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं, तो दिवा माझ्या गाडीवर चालत होता?”

डॉ. रेगेंनी नजर पडद्याकडे वळवली. नाही म्हणाल्या असत्या तरी बरं झालं असतं.

ते दारापर्यंत गेल्यावर बाईंनी मागून हाक मारली. “साहेब, हे मी बोलले असं सांगू नका. गाडी फिरवा.”

“कुठे?”

“पुण्याच्या दिशेने. संध्याकाळी, रोज. काम नसलं तरी. महिन्या-दोन महिन्यांत अंक वर जाईल.” आणि मग, जणू स्वतःशीच, “वीज कुणाकडून तरी घ्यावीच लागते. तुमच्याकडून नाही घेतली, तर दुसऱ्या कुणाकडून.”

“तुमचं ते गणित घाला चुलीत,” नलवडे म्हणाले, आणि घरी येऊन त्याच संध्याकाळी त्यांनी गाडी काढली.

डेपोत जन्म घालवलेल्या माणसाला बिनप्रवाशाची फेरी म्हणजे पाप. ते पाप नलवडे रोज करू लागले. संध्याकाळी, सुरुवातीला तर गाडी गळायला लागण्याच्या आत, निघायचं, खंबाटकी ओलांडून शिरवळपर्यंत जायचं, आणि गाडीतून पायसुद्धा खाली न ठेवता परत फिरायचं. वाटेत ते मोठ्याने शिव्या देत. सरकारला, यंत्राला, रेगेबाईंना, आणि सगळ्यात जास्त बर्ग्याच्या चहाला. ज्याला कुठे जायचं नाही त्यानेच गावभर हिंडावं, आणि ज्याला खरंच जायचंय त्याने हिंडून दाखवावं, ही कसली तऱ्हा? सारिकाला बरं असलं की तीही शेजारी बसे. घाटातून दिवे बघायला तिला आवडायचं.

हळूहळू नलवड्यांच्या लक्षात आलं की घाटात ते एकटे नाहीत. तीच मंडळी रोज दिसू लागली. शिरवळच्या चौकात वळसा घालून रिकाम्या गाड्या परत फिरत. बर्ग्याकडून कळलं, लोक याला ‘अंकफेरी’ म्हणतात. फेऱ्या वाढल्या तशी वीज जास्त लागू लागली, आणि वीज जास्त लागू लागली तशा उरलेल्या गाड्या आणखी लवकर गळू लागल्या. उरलेल्या म्हणजे कोणाच्या? ज्यांना ही युक्ती ठाऊक नव्हती त्यांच्या. नलवड्यांनी यावर फार विचार केला नाही. फाल्गुनात त्यांचा अंक अठ्ठ्याऐंशी झाला आणि गाडी संध्याकाळची गच्च भरलेली राहू लागली.

चैत्रात पुन्हा फोन आला. अशीच दिवेलागणीची वेळ, ते फेरीला निघण्याच्या बेतात. या खेपेला काचेवर पूर्ण आकडा होता. घाट रोजचा पाठ होता. मुदतीला तासाहून जास्त वेळ बाकी ठेवून त्यांनी सारिकाला रुग्णालयाच्या दारात उतरवलं. तिला लगेच आत नेलं, रक्त काढलं, सगळं जुळलं.

तपासण्या होऊन तासाभराने समन्वयक बाईंनी नलवड्यांना खोलीत बसवलं. “नशीब बघा. खरं तर तुमचा दुसरा नंबर होता. पहिल्या नंबरच्या बाई अजून आलेल्या नाहीत. नियमाने त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागेल. दहाच मिनिटं राहिलीत.”

“कुठल्या त्या?”

“फलटणकडच्या. शाळेत शिकवतात. दोन लहान मुलं आहेत.” इतक्यात त्यांचा फोन वाजला. हात सारिकाच्या ऑपरेशनचे संमतीचे फॉर्म लावण्यात गुंतले होते म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

एक पुरुष ओरडत होता. मागे रस्त्याचा आवाज. “मॅडम, एक तास थांबा! निघालोय आम्ही! घरची गाडी रिकामी निघाली हो, यासाठीच तर जपून ठेवलेली! फक्त एक तास!”

नलवड्यांना तो आवाज स्वतःचाच वाटला. पुढे तो माणूस काय बोलणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

“नियम आहे, दादा,” बाई म्हणाल्या. “पण ज्यांना आता द्यायचंय त्यांचे यजमान माझ्यासमोरच बसलेत. ते थांबा म्हणाले, तर मी मोठ्या डॉक्टरांशी बोलून बघते.” आणि त्यांनी नलवड्यांकडे पाहिलं.

फोनवरच्या माणसाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. आतल्या खोलीत सारिका नर्सला काहीतरी सांगून हसत होती, कितीतरी महिन्यांनी. नलवड्यांच्या मस्तकात मार्गशीर्षापासूनचा सारा राग एकदम उसळला, आणि तो कुणावर काढावा हे त्यांना कळेना. यंत्र तिथे नव्हतं. रेगेबाई तिथे नव्हत्या. तिथे फक्त ते होते, आणि खाली उभी असलेली, अजून निम्मी भरलेली त्यांची गाडी.

त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे ओढला आणि खिशातून पेन काढलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “सही कुठे करायची?”