कानामागची तीट

घटना खरी आहे. घर माझ्या बहिणीचं, गाव जैनथजवळचं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच घरात होतो. पटलं तर घ्या.

आधी भाच्याचा नफा सांगतो. वर्षभर कापसात राबून जे सुटत नव्हतं, ते भूषणला आदिलाबादच्या भंगारात महिन्यात सुटायचं. जुने कॉम्प्युटर, फुटके मोबाईल, टीव्हीच्या वायरी... घरामागं नाल्याकाठी जाळायच्या, राखेतून तांबं निवडायचं. घरावर स्लॅब पडणार होता. जाळायला मजूर लागत नव्हता. आई होती ना. फुकटची.

मथुराबाई, माझी थोरली बहीण, त्या धुरात खोकत बसायची.

"अक्का, काऊन बसून राह्यली वं इथं?"

"नातू येऊन राह्यला, भाऊ. त्याले स्लॅबखाली निजवीन."

उन्हाळ्यात ती गेली. पावसाळ्यात नात झाली, हर्षाली. आजीनं तिला पाहिलंच नाही.

असं आम्ही समजत होतो...

त्या पहाटे भूषणच्या बायकोनं, सपनानं, मला हाक मारली. "मामाजी, हिले तीट कोनं लावली?"

लेकराच्या उजव्या कानामागं काळा ठिपका. ओला.

घरात काजळाची डबीच नव्हती.

मी बोट लावून वास घेतला...

जळकी वायर.

लोक तीट गालावर लावतात. आमच्या घरच्या लेकरांना कानामागं लावणारी एकच होती.

सपनानं साबणानं पुसलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा. दाराला आतून कडी. कुत्रं भुंकलं नाही. फक्त सपनाला अर्धवट झोपेत खोकला ऐकू आला...

मी नाल्याकाठी गेलो. गवत नाही. बेडकांचा आवाज नाही. राखेवर रात्रीचा पाऊस पडलेला, आणि त्या सपाट राखेत...

बोट बुडवल्याची एक ताजी खूण.

भूषणनं जाळणं बंद केलं. राख खरवडून उचलली. पण किती उचलणार? पाण्यानं ती विहिरीपर्यंत नेली होती.

सपना लेकरू घेऊन माहेरी इंद्रवेल्लीला गेली. तिथंही तीट.

शेवटी भूषण नाल्याकाठी बसून रडला. "माय, नको लावू वं! तुह्या हाताले इख हाय!"

तिला कसं समजावं? ती तर पोरीला दृष्ट लागू नये म्हणून येत होती.

नांदेडच्या डॉक्टरनं लेकराचं रक्त तपासलं. शिसं निघालं. "माती, पाणी, धूर," म्हणाला. असेल. तिटेचं आम्ही त्याला सांगितलं नाही. सांगून काय लिहून दिलं असतं?

हर्षाली आता दोन वर्षांची आहे. अजून एक शब्द बोलत नाही.

तांबं शहरात गेलं. पैसा भूषणकडे आला आणि दवाखान्यात गेला. अक्काचा जीव त्या धुरात गेला. उरलेलं ही पोरगी फेडते आहे. रोज पहाटे जागी होते, उंबऱ्याकडे बघून हसते...

आणि मान वळवून कान पुढं करते.