सरदाराच्या तसबिरीवरचं फडकं

काम साधंच होतं. आमंत्रणपत्रिकेवरचं एक नाव बदलून घ्यायचं. मी मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवते. अर्धी रजा टाकली नि जीपनं जव्हार गाठलं.

पत्रिकेत होतं, 'सरदारांच्या भव्य तैलचित्राचं अनावरण'. खाली चित्रकाराचं नाव मुंबईच्या मास्तराचं. खोटं, साफ खोटं! ते चित्र माझ्या आजोबांचं. पुंजा, पोशेऱ्याचा. सरदाराच्या दरबारात बाराव्या वर्षापासून त्या मास्तराच्या हाताखाली रंग घोटत होता. मास्तर गेल्यावर तीस वर्षं त्यानंच चित्रं काढली. भोवती काळोख नि उजेड फक्त तोंडावर, विलायती पद्धतीनं. सही मात्र मास्तराचीच ठोकायची, असा हुकूम. एकदा स्वतःचं नाव लिहिलं, तर बोटांवर काठी बसली.

आमच्याकडे लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहितात, म्हणजे चितारतात. देवी फडक्याखाली झाकलेली असते. भगत नाव घेऊन बोलावतो, मगच फडकं निघतं. आजोबांनी हे शेवटचं चित्र तसंच झाकलं. माझी आई, हिराबाई, आजही सांगते, "बाचा नाव घेतल्याबगर कपडा काढायचा नाय."

सरदारांच्या वाड्यात ट्रस्टचे सेक्रेटरी उमेशराव खुर्चीवर रेलून बसले होते.

"पुरावा काय, बाई?"

"माझी आई."

ते हसले. "म्हातारीच्या गोष्टींवर पाट्या बदलत नसतात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी थांबले.

अनावरण त्याच दिवशी होतं. भरदुपारी दिवाणखान्याच्या खिडक्या बंद करून वर एकच दिवा लावला होता. आत जवसाच्या तेलाचा वास... ताजा. ऐंशी वर्षांचं चित्र, आणि वास आज सकाळचा. उमेशरावांनी मोठ्यानं मास्तराचं नाव घेतलं नि फडकं ओढलं.

हललं नाही.

पुन्हा ओढलं. हात मागे घेतला तेव्हा बोटं काळी, ओली. कुणी टाळ्या वाजवेना. फडक्यामागून कुणीतरी हळू श्वास घेत होतं...

मग माझा बांध फुटला. "अरे, ज्याचं आहे त्याचं नाव घ्या की! पुंजा! आजोबा, पुंजा!"

"ओ..."

आवाज फडक्यामागून आला. फडकं आपोआप खाली घसरलं. सरदार बसले होते जसेच्या तसे. कोपऱ्यात ओल्या रंगात एकच शब्द, पुंजा.

एका पत्रकारानं वही उघडली. "साहेब, आपलं नाव?"

उमेशरावांनी तोंड उघडलं. मिटलं. त्यांची कारकून ममता पुढे आली, "हे आमचे..." आणि तीही थांबली. माझ्या हातातल्या पत्रिकेवर 'सेक्रेटरी'च्या पुढची जागा कोरी होती.

आता दर सोमवारी तो माणूस आमच्या शाळेच्या फाटकाशी येतो. दाढी वाढलीय. "बाई, तुम्ही मला ओळखता ना? माझं नाव तेवढं सांगा..."

मला ठाऊक आहे. माझ्या एकटीच्याच लक्षात राहिलंय. आजोबांची बोटं आठवतात, नि मी म्हणते, "पुरावा काय?" मेलं समाधानही वाटतं, खोटं कशाला बोलू?

काल मात्र पाचवीची मुलं चित्रकलेची वही घेऊन उभी राहिली, तेव्हा हेडमास्तर वर्गाच्या दारात आले. अकरा वर्षं एकत्र काम करतोय आम्ही. माझ्याकडे बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही... तुमचं नाव काय हो?"

सांगायला मी तोंड उघडलं.