चांद्याची वेगळी वाट

चांदे गावचा साबीर तावातावाने ऑफिसात आला, तेव्हा तमन्ना डबा उघडून भाकरी मोडत होती.

"आमचं चांदं कुटं घातलंत, मॅडम? सकाळपासून गावाचं नेट बंद हाय. जोडण्या मी दिल्या, आता लोक शिव्या मला घालत्यात!"

बावधनच्या त्या लहानशा इंटरनेट कंपनीत तमन्ना राउटरला मार्ग सांगायचं काम करी. रोज नवी सोसायटी, रोज नवे पत्ते. राउटरने तरी किती लक्षात ठेवायचं? म्हणून सकाळीच तिने चांद्याशेजारच्या नांदे गावाच्या सगळ्या पत्त्यांचा मिळून एकच मार्ग केला होता. तिने स्क्रीन पाहिली आणि घास हातातच राहिला. त्या गठ्ठ्यात चांद्याचे पत्तेही गेले होते.

"तुमचं चांदं... नांद्यात गेलंय."

"गिळलं म्हना की! आमच्या आज्याला कळलं तर कोयता घिऊन यील."

तिला हसू आवरेना. तिने चांद्याचा वेगळा मार्ग लिहिला. "मोठा मार्ग राहू दे. नेमका मार्ग दिला, की राउटर त्याचंच ऐकतो."

साबीरचा फोन वाजू लागला. नेट आलं होतं. तो मात्र हलला नाही. "सकाळपासून पोटात काय न्हाई..."

तिने डबा पुढे सरकवला.

मग तो येतच राहिला. कधी केबलचं निमित्त, कधी शेतातल्या काकड्या. "अम्मीनं दिल्यात. घरी समद्यांना तुमी लई आवडता." दर खेपेला हेच. स्वतःचं मात्र...

"रविवारी मला बघायला येतायत," एका दुपारी तमन्ना म्हणाली.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "चांगलं हाय की... घरी समद्यांना वाईट वाटंल."

"समद्यांना?" ती चिडली. "अम्मी, आजा, म्हशी, सगळ्यांचा गठ्ठा बांधून पाठवता. त्यात तुम्ही कुठे आहात?"

समोर बसलेलं माणूस उद्याही समोरच असेल, असं आपण धरून चालतो. साबीरनेही तसंच धरलं होतं.

"मला," तो हळूच म्हणाला. "मला वाईट वाटंल. मला आवडता तुमी... घरच्यांचं ऱ्हाऊ द्या."

तमन्नाने आपल्या घरी फोन लावला. "अम्मी, रविवारच्या पाहुण्यांना नको म्हणून कळव... नाही, पोहे करायचेच. दुसरे येतायत. चांद्याहून." फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "किती जण?"

"आता समदेच," साबीर हसला. "म्हशी सोडून."