शैलाआत्याचे चार सेकंद

"पप्पा, एकच सिनेमा तुमच्याकडे चार वेळा कशाला?"

"विचारून दाखवच," असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून ऋजुताने तो प्रश्न भर जेवणात टाकला. त्या पोरींनी 'ठेवलेला', म्हणजे तबकडीवर कायमचा तसाच राहणारा सिनेमा पाहिलाच नव्हता. आताचे सिनेमे प्रवाही. बघणाऱ्याचा चेहरा वाचून संगणक ते दर वेळी नव्याने जुळवायचा. जांभई दिली की गाणं गायब, डोळे भरले की मेलेला नायक उठून बसायचा!

पप्पांनी घास खाली ठेवला. "पहिल्या व्हीसीडीत गाणी कापलीत. दुसरी मध्यंतरानंतर अडकते. तिसऱ्या डबीत भलताच सिनेमा निघाला. दुकानदार म्हणाला, फोडलेला माल परत नाही. चौथी अख्खी आहे. तिच्यात तुझी शैलाआत्या आहे."

शैलाआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, एकोणिसाव्या वर्षी गेलेली. गावात मध्यंतरानंतरच्या गाण्याचं चित्रीकरण झालं तेव्हा जत्रेच्या गर्दीतून ती चार सेकंद हसत गेली होती. तिचं हलतं चित्र तेवढं एकच. प्रवाही आवृत्तीत गर्दीचे चेहरे संगणकाने केव्हाच बदलले होते.

"मग लावा की!"

"कशावर? प्लेअर बंद पडून सहा वर्षं झाली."

त्यांनी ती चौथी तबकडी आणली आणि ऋजुताने हातात घेतली. छापील बाजूवर लाल ठिपके होते.

"खंडेनवमीला पूजतो ना," पप्पा कौतुकाने म्हणाले. "दरवर्षी, ओलं कुंकू लावून."

"पप्पा! कुंकवात चुना असतो. चित्र साठतं ते ह्याच बाजूला, ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात. चुन्यानं तो खाल्लाय!" तिने तबकडी दिव्यासमोर धरली. ठिपक्यांतून उजेड आरपार आला.

"नारळ फोडला नाहीत हेच नशीब," आई पुटपुटली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी तिघं शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. तिथला खाचवाचक तबकडीवरच्या खाचांचे फोटो काढून त्यांतून चित्र जुळवायचा. "पापुद्रा सुटतोय," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. "एकदाच फिरेल."

तबकडी करकरत फिरू लागली. पाळणा दिसला, गर्दी दिसली, मग एक लांब वेणी. मुलीने मान वळवली, ओठ जरासे हलले आणि पडदा करडा झाला. पापुद्रा भुग्यासारखा गळून पडला.

यंत्राने विचारलं : 'तीन सेकंद गहाळ. हसू अंदाजाने भरू?'

"भर गं," पप्पा ऋजुताला म्हणाले. "हसतच होती ती."

"कशी?" ऋजुताने विचारलं.

पप्पांनी तोंड उघडलं. "अशी... म्हणजे, तोंडावर हात ठेवून... का तो पदर होता?" त्यांना नीट आठवेना.

ऋजुताने बोट बटणापाशी नेलं.

"आई, पप्पा, मी 'नाही' दाबणार आहे. यंत्रानं भरलं तर उद्यापासून तुम्हाला त्याचंच हसू आठवेल. येत्या रविवारी मी गावी जाणार आणि दारोदार विचारत फिरणार. शैलाआत्या कशी हसायची, हे सांगणारं एक तरी माणूस उरलं असेल ना?"