उपटलेल्या खुंट्या

धुक्यात निपाणीचा हायवे दिसत नव्हता, नुसते ट्रक गुरगुरत होते. तहसीन आज मुद्दाम सगळ्यांच्या आधी आली होती... भूत पकडायला.

कॉलेजच्या गेटजवळची ही अडगळीची खोली. नियम निघाल्यापासून बुरखा इथं खुंटीला लावायचा, मगच वर्गात बसायचं. जी मुलगी कॉलेज सोडेल तिची खुंटी शिपाई आण्णाप्पा उपटून न्यायचा. आता भिंतीत खुंट्या कमी, भोकं जास्त. ज्यांना पोरींच्या डोक्यावरचं कापड तेवढं दिसतं, त्यांना ही भोकं कुठली दिसायला?

नसीमनं बुरखा काढला नाही, म्हणून तिचं येणं तुटलं. तरी तिचा बुरखा रोज सकाळी खुंटीवर. हात लावावा तर उबदार — आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा. पोरी म्हणत, नसीम मेली असणार. बीडहून तंबाखूच्या वखारीत कामाला आलेल्या तहसीनच्या अब्बांनी हे ऐकलं आणि सांगून टाकलं, आजचा दिवस जा, उद्यापासून घरी.

दार करकरलं. धुक्यातून एक आकृती आत आली. शर्टाची बटणं सोडून तिनं आतून काळं कापड ओढलं.

"भुताला मिशा असत्यात व्हय रं?"

आकृती दचकली. "आत्ताशी फुटाय लागल्यात गं."

तो नसीमचा भाऊ, मुस्तकीम. तहसीनच्याच बारावीतला, मागच्या बाकावरचा. नसीम जिवंत होती, वीटभट्टीवरच्या झोपडीत विड्या वळत होती, परत येईन म्हणत होती. बुरखा लटकलेला दिसला की आण्णाप्पा खुंटीला हात लावत नसे; तोवर तिची खुंटी राहावी म्हणून हा रोज बुरखा आणायचा. धुक्यानं भिजू नये म्हणून छातीशी धरून सायकल हाणायचा.

म्हणजे ऊब याची होती... त्यानं खुंटीला लावलेल्या कापडावर तहसीनचा हात नकळत गेला होता. तिनं तो काढला नाही.

उद्यापासून येणार नाही, असं तिनं सांगितलं. त्यानं भिंतीतल्या एका भोकावर बोट टेकवलं.

"मग तुझाबी दे. दोन्ही आणत जाईन... असंच, अंगाशी धरून."

क्षणभर तिला लई गोड वाटलं. मग टाळकं सणकलं.

"मलाबी भूत करतोस? बुरखा खुंटीवर आणि मी चुलीपुढं? त्यापरास आज अब्बांना गाठ. सांग, भूत मीच हाय म्हणून."

"मारतील की."

"खा मार. मला यायचंय हितं. शिकायला... आणि तुला बघायला."

तिनं आपला बुरखा नसीमच्या शेजारी लावला. वारा नव्हता. तरी नसीमची बाही हलली, तहसीनच्या बाहीत अडकली आणि तशीच राहिली — हात धरल्यासारखी.