शंभर मिलिलिटर

भुईगावच्या किनाऱ्यालगत सुरूच्या बनातून एक पायवाट जाते. तिच्या टोकाला काळ्या खडकावरून पुरुषभर उंचीचा धबधबा पडतो, पावसाळ्यापुरताच. भरतीचं पाणी थेट त्याच्या पायाशी येतं. १९९७च्या जुलैत माझ्या सासूबाई, मटिल्डा, मला तिथे घेऊन गेल्या. माझी सहा वर्षांची एमिली पाच दिवस तापाने फणफणत होती. माणिकपूरच्या डॉक्टरांनी औषध बदललं होतं, तरी उतार नव्हता.

सासूबाईंनी कळशी धारेखाली धरली आणि एमिलीचं नाव घेतलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. सवयीने पर्समधला प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात बुडवला. सव्वीस अंश.

"काय म्हनते तुझी कांडी?"

"गार आहे म्हणते, आई."

"तेवढं माझा हातपन सांगतो."

परतताना त्यांनी रीत सांगितली. कळशी आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची आणि भरती चढायच्या आत जिथलं पाणी तिथेच ओतायचं, थेंबही न राखता; राखलं तर ताप माघारी फिरतो.

दुपारी तीनला एमिली घामाने भिजून उठली आणि पेज मागू लागली. कळशीला कोणी हातही लावला नव्हता. मी थर्मामीटर आत सोडला. एकोणचाळीस पूर्णांक चार. एमिलीचा सकाळचा ताप एकशे तीन होता. सेल्सिअसमध्ये तो तेवढाच भरतो.

नमुना न ठेवणं मला जमलं नाही. शंभर मिलिलिटर पाणी बाटलीत भरलं, बूच लावलं आणि कपाटात मागे सारलं.

संध्याकाळी सासूबाईंनी धबधब्याखाली कळशी उपडी केली.

"सगळं आनलंस नं, पॉलिन?"

"हो, आई."

त्यांनी ओल्या हाताने माझा गाल कुरवाळला. "शहानी गं माझी पोर."

बाटलीतलं पाणी निवलं नाही. फ्रीजमध्ये ठेवलं, तरी नाही. क्षार तपासले, साधं पावसाचं पाणी. सासूबाई गेल्या, त्यांना खरं सांगायचं राहिलं. ते पाणी ओतून यायचं मी दर पावसाळ्यात ठरवलं आणि दर वेळी म्हटलं, आणखी एक नोंद घेऊ.

एमिली आता अठरा वर्षांची आहे. विरारच्या कॉलेजला निघताना माझ्या डब्यातली भाजी पळवते. बारा वर्षं रोज सकाळी मी कपाट उघडते, बाटलीला हात लावते, मग चहा ठेवते.

आज बाटली गार लागली.

थर्मामीटर घातला. सव्वीस.

मी तिच्या खोलीच्या दाराशी उभी आहे. एमिली अजून उठलेली नाही.