न कापलेली पानं

बसा असे, चुलीच्या बाजूला. दिवा जरा मोठा करतो. बाहेर धुकं उतरलंय, म्हणून आठवलं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. मी धक्क्यावर शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करत बसलो होतो. तेव्हा माझी साठी उलटली होती, पण होडी रोज काढत होतो. शहरातून एक बाई आल्या. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, काखेत कागदांची फाइल.

“हॅकेट बेटावर न्याल का मला? दुपारपर्यंत परत यायचंय.”

“तिथे आता कोणी राहत नाही, बाई.”

“माणसं नकोच आहेत मला. एक पुस्तक हवंय.”

आमिष विकणारी डॉट तिच्या खिडकीतून ओरडली, “जप हो, हायरम! पोर्टलंडची जुन्या पुस्तकांची व्यापारी आहे ती. बसवेल तुला धडे गिरवायला!”

“माझ्याआधी शेवंडं शिकतील,” मी म्हटलं.

हसण्यावारी नेलं, पण माझे हात थांबले होते. हॅकेटच्या दीपगृहात मी जन्मलो. माझे वडील तिथला दिवा सांभाळायचे. आणि त्या बेटावर पुस्तक एकच असू शकत होतं.

पूर्वी दीपगृहांना पुस्तकांची पेटी यायची. एका पेटीत चाळीस पुस्तकं. तीन महिन्यांनी सामानाचं जहाज यायचं, जुनी पेटी घ्यायचं आणि नवी ठेवायचं. तुमचं वाचून झालंय की अर्ध्यात आहे, कोणी विचारायचं नाही. पिंकहॅमबाईंना, म्हणजे त्या व्यापारी बाईंना, तसली एक पेटी लिलावात मिळाली होती. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली होती. एकोणचाळीस पुस्तकं होती. चाळिसाव्यापुढे लाल शाईत शेरा होता: ‘हरवले. हॅकेट.’

“त्या कादंबरीची दुसरी प्रत जगात कुठेही नाही,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं या धंद्यात आहे मी. असं एखादंच हाताला लागतं.”

ते हरवलं नव्हतं. माझ्या आईने ठेवून घेतलं होतं. जहाजावरचा अधिकारी हसला होता, “बाई, या खडकावर हरवलेली वस्तू जाणार कुठे?” आई खाली बघत राहिली. आयुष्यात तिने तेवढी एकच चोरी केली. गोष्ट अर्ध्यात होती म्हणून.

ती मला वाचून दाखवायची. धुक्याच्या दिवसांत भोंगा वाजायचा, दर अर्ध्या मिनिटाला, तीन मोजेपर्यंत. तेवढा वेळ ती ओळीवर बोट ठेवून थांबायची, मग पुढे. आम्ही सगळेच तसं बोलायचो. वडील रागावतानासुद्धा भोंग्यासाठी थांबायचे, आणि तोवर त्यांचा राग निवलेला असायचा.

गोष्ट एका मुलीची होती. तिचा भाऊ समुद्रात बुडतो. मोठ्या ओहोटीला तिला खडकात खाली जाणारा जिना दिसतो, आणि ती त्याला शोधायला उतरते. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, ती परत वर येते का.

वाचन थांबवलं की आई विचारायची, “जागा आहेस का रे, पिल्लू?” मी “जागा आहे” म्हटलं की आणखी एक पान मिळायचं. उत्तर नाही दिलं की ती दिवा मालवायची. शेवटच्या वेळी मी जागा होतो. तिला खोकला येत होता, तिने झोपावं म्हणून मी गप्प राहिलो. फुप्फुसं भरली होती तिची. वादळामुळे डॉक्टरची होडी तीन दिवस आली नाही. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो.

पुस्तक कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण मी कोणाला सांगितलं नाही. मला वाचता येत नव्हतं, पुढेही कधी शिकलो नाही, आणि दुसऱ्याला वाचायला सांगितलं असतं तर आई चोर ठरली असती.

“नेतो,” मी पिंकहॅमबाईंना म्हटलं. “पण शेवट मला वाचून दाखवायचा.”

“एवढंच ना? शब्द दिला.”

बेटावर पोचलो तेव्हा ऊन होतं. स्वयंपाकघरात उंदरांचा आणि जुन्या रॉकेलचा वास होता. चुलीमागची फळी मी काढली. मेणकापडाची पुरचुंडी जशीच्या तशी होती. बाईंनी ती दोन्ही हातांवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी. बाहेर पाहिलं तर होडी दिसत नव्हती. धुकं दारापर्यंत आलं होतं.

“आता ते उठेपर्यंत बसायचं,” मी म्हटलं. “वाचा.”

त्यांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा बदलला. “हायरम... शेवटची पानं कापलेलीच नाहीत.”

पूर्वी काही पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची. वाचणारा सुरीने कापत कापत पुढे जायचा. आई मासे साफ करायच्या सुरीने कापायची. ती जिथवर पोचली होती, तिथवरच कडा सुट्या होत्या. पुढे जोडलेल्या पानांच्या पाच घड्या बंद.

“कापा,” मी खिशातून चाकू काढला.

“नाही हो. असं पुस्तक कापायचं नसतं, आमच्यात ते पाप आहे. तुमच्या आईचा हात जिथे थांबला ना, ते या कडांवरूनच कळतं. कापलं की तेही गेलं.”

“शब्द दिला होता तुम्ही.”

त्या ओशाळल्या. “जेवढं सुटं आहे तेवढं वाचते. चालेल?”

मी मान हलवली. त्या वाचू लागल्या. आवाज कोरडा होता, शहरी. मुलगी जिन्यापाशी आली. पायऱ्यांवर शेवाळ होतं... आणि बाई थांबल्या. बोट ओळीवर. मग पुढे वाचू लागल्या. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, वाक्याच्या मध्येच.

मी मनात मोजायला लागलो. तीस. थांबल्या. एक, दोन, तीन. पुढे.

हॅकेटचा भोंगा वीस वर्षांपूर्वी काढून भंगारात दिला होता. खोलीत आवाज कसलाच नव्हता.

“बाई,” मी हळूच विचारलं, “मधेच का थांबता?”

“कोण, मी?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “छे... कुठे थांबले?”

धुकं उठलं तसे आम्ही निघालो. पुस्तक बाई पोर्टलंडला घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, त्यांचा फोन आला. “हायरम, खरं सांगा. तुम्ही कापलीत का पानं?”

“मी हातही लावला नाही त्याला.”

“एक घडी उघडलीय. कपाट कुलपात होतं. आणि... रॉकेलचा वास येतोय हो.” मग म्हणाल्या, “शब्द दिलाय तुम्हाला. वाचू?”

दर रविवारी एक घडी उघडलेली असायची. त्या वाचायच्या, अर्ध्या मिनिटाने थांबायच्या, मी फोन कानाला लावून तीन मोजायचो. चौथ्या रविवारी त्यांचा आवाज बसला होता.

“दुकानातली मुलगी म्हणते, मी गिऱ्हाईकांशी बोलतानाही थांबते... हायरम, मी विकून टाकू का हे?”

“एकच घडी राहिलीय,” मी म्हटलं. “वाचणाऱ्याला संपवू द्या.”

पाचव्या रविवारी फोन आला तेव्हा खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

“उघडलीय,” त्या म्हणाल्या. “शेवटची. यापुढे नुसता पुठ्ठा.”

त्यांनी वाचलं. मुलगी वर आली. भाऊ आला नाही. पण जिन्याचं दार तिने लावलं नाही, उघडंच ठेवलं. गोष्ट तिथे संपली.

बाई थांबल्या. एक, दोन, तीन. मला वाटलं आता निरोप घेतील.

“जागा आहेस का रे, पिल्लू?”

आवाज पिंकहॅमबाईंचाच होता. ते नाव मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

गप्प राहिलो असतो तर दिवा मालवला असता, ते मला माहीत होतं. पण एकदा मी गप्प राहिलो होतो.

“जागा आहे,” मी म्हटलं.

पलीकडे तीन मोजेपर्यंत शांतता होती. मग कागदाच्या घडीतून सुरी फिरल्याचा आवाज आला, सावकाश, वरपासून खालपर्यंत.